ठमीचं बाळसं

आमची नात गेल्या डिसेंबरात जन्मली. दिवस भरायला अजून आठ आठवडे होते. वजन 1,480 ग्रॅम. पहाटे मुलीला आत नेलं आणि सातच्या आत बाहेर येऊन सांगितलं, मुलगी झाली, पेटीत ठेवलीय.

मी पशुवैद्य. 31 वर्षं दूध संघाच्या नोकरीत बडोद्याभोवतीची पादरा, डभोई, वाघोडिया, सावली या बाजूची गावं हिंडलो. जनावर समोर आलं की माझी नजर आधी बरगड्यांवर जाते, मग शेपटीच्या मुळाशी. काचेतून नातीला पाहिलं तेव्हाही तेच झालं. बरगड्या एकेक मोजता येत होत्या. कातडी लालसर आणि इतकी पातळ की पोटावरच्या शिरा निळ्या दिसत होत्या. मांडी माझ्या अंगठ्याएवढी. मोजणं थांबावं म्हणून मी तिच्या पायांकडे बघायला लागलो, तर तळवा माझ्या करंगळीच्या दोन पेरांइतका.

ही शेजारी उभी होती. काचेला नाक लावून म्हणाली, "ठमे, आलीस होय गं?"

आमच्याकडे ठमी म्हणजे गालांनी डोळे झाकले जातील अशी पोर. दुसऱ्या कुठल्या मुलीला हे नाव कोणी ठेवणार नाही. हिने ते त्या पेटीतल्या जिवाला पहिल्या दिवशी ठेवलं आणि त्यानंतर घरात कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसलो होतो. झोप नव्हती. डोक्यात शब्द यायला लागले. अंगाच्या भरीला मराठीत किती शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा धनी वेगळा! गुटगुटीत बाळ. गुबगुबीत मांजर. टपोरा मोती, टपोरं जांभूळ, ज्वारीचा टपोरा दाणा. टम्म पुरी. धष्टपुष्ट बैल. म्हैस तुकतुकीत, तो शब्द खरं तर कातडीच्या झळाळीचा, पण पोट भरलेल्या जनावराशिवाय गवळी तो वापरत नाही. गलेलठ्ठ म्हटलं की कौतुक संपलं. आणि बाळसं तर फक्त लहान मुलाचं. बाळसं धरतं, बाळसं उतरतं. मोठ्या माणसाला ते येत नाही. नव्या संस्थेने बाळसं धरलं असं आपण म्हणतो, पण तेही ती अजून लहान असते म्हणूनच.

ठमीकडे त्या सगळ्यांतला एकही शब्द नव्हता. डॉक्टरांनी सकाळी समजावलं ते मला पुस्तकातून माहीत होतं, पण आपल्या माणसाबद्दल ऐकताना सगळं नवं वाटतं. पूर्ण दिवसांचं माणसाचं बाळ जन्मताना अंगावर साधारण 12 ते 15 टक्के चरबी घेऊन येतं. वासरू-पारडू त्या मानाने हाडंकातडंच असतं. ते तासाभरात उभं राहतं आणि आईच्या कासेला लागतं. माणसाचं पिल्लू महिनोन् महिने काहीच करू शकत नाही, आणि त्याच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू खातो. त्या मेंदूसाठी आई शेवटच्या दोनेक महिन्यांत बाळाच्या कातडीखाली शिदोरी बांधून देते. ठमी ती शिदोरी बांधून व्हायच्या आधीच निघाली होती. बाळ थंडीने कुडकुडतही नाही. दोन खांद्यांच्या मध्ये, मानेभोवती, मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते, ती जळते आणि ऊब देते. ही चरबीही तिच्याकडे पुरेशी नव्हती. म्हणून पेटी.

दुसऱ्या दिवशी ठमीचा चेहरा भरलेला दिसला. पापण्या गोल, गालांना आकार. हिचे डोळे चमकले, मुलीला सांगायला ती आतसुद्धा जाऊन आली. माझ्याने तिला अडवलं गेलं नाही.

पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी चरणाऱ्या म्हशींच्या यकृतात चपटे कृमी होतात. रक्तातली प्रथिनं कमी होतात आणि जबड्याखाली पाणी साठतं. गळा भरल्यासारखा दिसतो. घरची बाई कौतुकाने दाखवते, "साहेब, जुओ ने, भेंस केवी भराई गई!" मी अंगठा दाबायचो. अंगठा काढल्यावर तिथे खड्डा तसाच राहायचा. भरलेलं अंग दाबलं की लगेच वर येतं. सुजेला खड्डा पडतो. पहिल्यांदा हे एका बाईला सांगावं लागलं तेव्हा तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि त्यानंतर मी आधी औषध काढून हातात द्यायचो, मग सांगायचो.

ठमीच्या नडगीवर डॉक्टरांनी बोट दाबलं. खड्डा पडला. तिच्या अंगात पाणी होतं, पुढच्या तीन-चार दिवसांत ते उतरलं आणि वजन 1,345 वर आलं. लवकर जन्मलेल्या बाळांचं असं होतंच, काळजी नको, असं सिस्टरने सांगितलं. तो काटा मात्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून गेलेला नाही.

भर नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, हे मी 31 वर्षांत शिकलो. ती हाताने बघायची असते. म्हशीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, आडवी हाडं असतात. तिथे हात ठेवून अंगठ्याने दाबायचं. मग कमरेची दोन उंच हाडं, मागची दोन टोकं आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे खळगे. या सगळ्यावरून 1 ते 5 असे गुण द्यायचे. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 5 म्हणजे हाड सापडतच नाही. व्यायला आलेली म्हैस साधारण 3 ते 3.5 असावी. व्याल्यावर दुधातून जितकं जातं तितकं तिला खाता येत नाही, पहिले दोन-तीन महिने ती अंगावरचं देत असते. अंगावर काही नसेल तर दूध आटतं आणि ती लवकर माजावर येत नाही. पण 5 गुणांची म्हैसही मला नको असायची. तिची वीण अडते, भूक मरते, सगळी चरबी एकदम यकृतात जाऊन बसते. पेंड घालून घालून जनावर फुगवणाऱ्या लोकांशी मी भांडलोय.

आमच्या भागातली म्हैस सुरती. मही आणि साबरमती या नद्यांमधला पट्टा हे तिचं मूळ. अंगाने मध्यम, शिंगं विळ्यासारखी, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे. जाफराबादीसारखी ती डोंगर दिसत नाही, पण नीट ठेवलेल्या सुरतीच्या पाठीवर हात फिरवला की जी गोलाई लागते तिच्यात पुढच्या तीन महिन्यांचं दूध असतं.

ठमीला मात्र हात लावायची परवानगी नव्हती. रोज सकाळी एक आकडा मिळायचा, तेवढंच.

त्या दिवसांत घरची कामं माझ्याकडे आली. भाजी आणायला खंडेराव मार्केटात जायचो. डिसेंबर म्हणजे भरिताच्या वांग्यांचे दिवस. इथे त्याला ओळो म्हणतात. वांगं दिसायला थोर आणि तुकतुकीत हवं, पण उचलल्यावर हलकं लागलं पाहिजे. जड असलं की आत बी. हे मला आईने शिकवलेलं. सुरती पापडीचं उलटं. तिच्यातला दाणा बोटाला जाणवायला हवा. भाजीवालीच्या टोपलीपुढे मी वांगी उचलून ठेवत होतो आणि सारखा मनात ग्रॅमचा हिशेब करत होतो. वांगं आलं तीनशे पन्नास ग्रॅम. चार वांगी आणि वर एक छोटं, म्हणजे आमची नात. पिशवी तिथेच ठेवून मी थोडा वेळ पायरीवर बसलो.

दहाव्या दिवशी मुलीच्या छातीवर ठमीला द्यायला सुरुवात केली. कातडीला कातडी, वरून शाल. कांगारू मदर केअर. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा एडगर रे सानाब्रिया नावाच्या डॉक्टरांनी आयांनाच पेटी केलं, तिथून हे जगभर गेलं. बाळ उबेत असलं की ऊब करण्यात त्याची ताकद खर्च होत नाही, ती वाढीला लागते. जावई पुण्याहून आले की तेही तासन्‌तास शर्ट उघडून बसायचे. चौदाव्या दिवशी काटा जन्माच्या वजनाला परत आला. मग रोज वीस, पंचवीस, एकदा चक्क पस्तीस ग्रॅम.

घरी गच्चीवर महिनाभर कोणी फिरकलं नव्हतं. कोरफडीची पानं आत दुमडून पन्हाळीसारखी झाली होती, पानफुटीची कडा सुरकुतली होती. मी पान अंगठा आणि तर्जनीत धरून दाबलं. आत काही नाही. पाणी घातलं. ही झाडं पानांची छिद्रं रात्री उघडतात, म्हणून दिवसाच्या उन्हात त्यांचं पाणी उडत नाही. जे मिळतं ते जाड पानात साठवतात आणि टंचाईत तेच वापरतात. दोन आठवड्यांत पानफुटी दाबल्यावर बोटाला उलटं रेटायला लागली. मी रोज सकाळी आधी ती दाबायचो, मग दवाखान्यात फोन करायचो.

उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात ठमी 1,810 ग्रॅमची होऊन घरी आली. उंधियू केला, पण पतंगांच्या आवाजाने ती दचकेल म्हणून दारंखिडक्या बंद. शेजारच्या बा तिळाची चिक्की घेऊन आल्या आणि दारातूनच बघून गेल्या.

जावयांना त्या दिवसांत मी एकदा गणपतपुऱ्याला नेलं. त्यांनाही घराबाहेर पडायची गरज होती. तिथे शेतांच्या मधोमध गोरखचिंचेचं जुनं झाड आहे, गुजरातीत रूखडो. मूळचं आफ्रिकेतलं. जानेवारीत एकही पान नसतं, नुसतं ते खोड. दहा माणसांनी हात धरले तरी शंका वाटावी असं, वळ्यावळ्यांचं, गुडघ्यांना सुरकुत्या पडलेल्या हत्तीसारखं. त्याचं लाकूड मऊ, आणि त्यात अर्ध्याहून कितीतरी जास्त पाणी. पावसाळ्यात खोड फुगतं, उन्हाळ्यात किंचित आकसतं. आफ्रिकेत दुष्काळात हत्ती ते सोलून चघळतात. इतर झाडं उंची वाढवतात, हे घेर वाढवतं. जावई त्या सालीवर दोन्ही तळवे ठेवून बराच वेळ उभे होते. परत येताना म्हणाले, "बाबा, असं झाड कोणी बारीक हो म्हणून सांगेल का?"

ते कोणाबद्दल बोलत होते ते मला कळलं.

माझी मुलगी लहानपणापासून अंगाने भरलेली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिचे गाल ओढायला सगळा दांडिया बाजार यायचा. बाराव्या वर्षी त्याच अंगाला शाळेत "ढोली" म्हणायला लागले. डबा परत यायला लागला. आम्हाला कळलं तोपर्यंत तिने खाणं इतकं तोडलं होतं की केस गळत होते, पाळी थांबली होती. भाकड म्हशीला बघून मी लगेच सांगितलं असतं की हिला खायला कमी पडतंय, आणि माझ्या ताटाला ताट लावून बसणाऱ्या पोरीचं मला सहा महिने कळलं नाही. हे मी कधी स्वतःला माफ केलेलं नाही.

गरोदरपणात तिचा रक्तदाब वाढला, वारेतून बाळाला नीट पोचेना, म्हणून लवकर मोकळं करावं लागलं. एक नातेवाईक बाई भेटायला आल्या आणि तिच्यासमोर म्हणाल्या, "वजन जरा आटोक्यात ठेवायला हवं होतं." त्या रात्री तिने मला विचारलं, "बाबा, माझ्यामुळे का?" मी तिला जे खरं ते सांगितलं. रक्तदाब का वाढतो त्याची कारणं अनेक असतात, बारीक अंगाच्या मुलींनाही तो वाढतो, आणि तू काही खाऊन किंवा न खाऊन हे घडवलेलं नाहीस. मग तिच्या केसांतून हात फिरवत बसलो, लहानपणी बसायचो तसा. बाळाला जे कौतुकाने द्यायचं तेच दहा वर्षांनी शिवी म्हणून परत करायचं, ही आपली रीत मला मान्य नाही. प्रकृतीची काळजी आहे ना, तर डॉक्टर आहेत, काटा आहे, रक्ताच्या तपासण्या आहेत. त्यासाठी कोणाच्या अंगाला नाव ठेवायची गरज नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी एकटाच वढवाणाला गेलो. डभोईजवळचा हा तलाव बडोदे संस्थानाने 1910च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधला. 2021 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. ते हिमालय ओलांडून येतात आणि ओलांडूनच परत जातात. नोव्हेंबरात आल्यावर बघावं तर पोट आत गेलेलं असतं, शेपटीखालची रेघ सरळ. फेब्रुवारीअखेर तीच रेघ खाली ओघळलेली. काठावर चालताना पोट हलतं. दुर्बिणीतून मी त्यांना गुण देत होतो, 4, 4, 3.5. एवढं जड पाखरू हिमालयापार जातं ते त्या ओघळलेल्या पोटाच्या जिवावर.

आमच्या शहरातला आणखी एक प्राणी याच हिशेबाने जगतो. काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून खाली विश्वामित्री नदीत मगरी दिसतात, थंडीच्या उन्हात चिखलावर पडलेल्या. मगर आपली चरबी पोटात आणि शेपटीत ठेवते. शेपटीचं मूळ जाड आणि गोल असलं की ती कित्येक आठवडे न खाता पडून राहू शकते. म्हशीचंही मी तिथेच बघतो.

त्याच पुलावरून लहानपणी वडिलांचं बोट धरून कमाटीबागेत जायचो. तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तरेक फुटांचा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं होतं, "दादा, हा इतका वाळलेला का?" ते म्हणाले, "अरे, याची चरबी इथे नाही. ती असती तर या खोलीत तो मावला नसता." मग बाहेर वडाखाली बसून त्यांनी बडोद्याचं नाव सांगितलं. जुन्या दानपत्रात वटपद्रक आहे, आणि लोक वटोदर म्हणतात, वडाचं उदर. आपण वडाच्या पोटात राहतो, असं ते म्हणाले होते. मला ते तेव्हा अगदी शब्दशः खरं वाटलं होतं.

वटपौर्णिमेला ठमी सहा महिन्यांची होती. वजन 6,100. हिने आणि मुलीने वडाला सूत गुंडाळून आल्यावर तिला तेल लावायला घेतलं. शेजारच्या बा आल्या होत्या. "हवे तो ढिंगली ताजीमाजी थई गई," बाहुली आता छान भरली, असं म्हणून त्यांनी लगेच स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन तिच्या कानामागे लावलं.

मी हात धुऊन आलो. हिने ठमीला माझ्या मांडीवर पालथं दिलं. पाठीवरून तळवा खाली नेला, मग कुशीवर अंगठा ठेवला आणि हलकेच दाबला, तीस वर्षं दाबत आलो तसा. बरगडी लागली नाही. पुन्हा जरा वर दाबून पाहिलं. कातडीखाली मऊ, उबदार भर, बोट उचललं की लगेच वर येणारी. ही तेलाची वाटी घेऊन थांबली होती, काही बोलली नाही.

मग उलथं केलं. डाव्या मांडीला तीन वळ्या, उजवीला दोन. जूनचा उकाडा, वळ्यांत घाम राहतो आणि कातडी लाल होते, म्हणून मुलीने मऊ सुती कापड आणलं आणि एकेक वळी उघडून आतून पुसायला लागली. ठमी पाय झाडत होती. तिसरी वळी खोल आहे, तिथे मला मांडी धरून ठेवावी लागते.